युद्ध थांबलेल्या देशात गरिबी हटवायला निघालात? मग या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडं वाचायला आलेल्या, युद्धानंतरच्या मदतकामाच्या जवळपास प्रत्येक आराखड्यात शिलाई मशीन आहे. देश बदलतो, कधी दक्षिण सुदान, कधी लायबेरिया, कधी सीरिया. दुसऱ्या पानावर दोनशे विधवा, दोनशे मशीन आणि सहा आठवड्यांचं प्रशिक्षण मात्र ठरलेलं. लिहिणारी मुलं हुशार आहेत, मनानं चांगली आहेत. एमएसडब्ल्यू किंवा अर्थशास्त्र करून बाहेरच्या देशांत काम करायची त्यांची खरी इच्छा आहे. सोलापुरातलं कोणीतरी अशा देशात राहून काम करून आलंय हे कळलं की रविवारी सकाळी घरी येतात. सांगोला-मंगळवेढ्याकडं मी पंधरा वर्षं बचत गटांचं काम केलं, आणि 2010 ते 2014 श्रीलंकेच्या उत्तरेला, वन्नीत, उपजीविकेच्या कार्यक्रमात होते. त्याच चुका दर रविवारी नव्यानं सांगाव्या लागतात, म्हणून एकदा लिहून ठेवते.

गावात आधी काय चालायचं हे न विचारता नवंच काहीतरी देणं

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे हिच्यावर जास्त बोलणार.

श्रीलंकेतलं सव्वीस वर्षांचं युद्ध मे 2009 मध्ये संपलं. शेवटच्या महिन्यांत घरंदारं सोडून निघालेली जवळजवळ तीन लाख माणसं वावुनियाच्या बाजूच्या छावण्यांत होती. तिथून ती टप्प्याटप्प्यानं गावाला परतत होती. मी पोचले तेव्हा किलिनोच्ची जिल्ह्यातल्या आमच्या गावात भिंती उभ्या होत्या आणि छप्परं नव्हती. निम्म्या घरांत कर्ती बाईच. नवरा गेलेला, नाहीतर बेपत्ता.

वरून ठरून आलं की या बायांना हातमाग द्यायचे. मी सोलापूरची, म्हणजे मला मागाचं कळणार, असं सगळ्यांनी धरलं आणि मीही मान हलवली. वडील गिरणीत, गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग, खडखडाट थांबला की झोपमोड व्हायची अशा घरात मी वाढले. सोलापुरात माग घ्यायच्या आधी साधा मागवाला तीन गोष्टी विचारतो: सूत कोण देणार, उधारी किती दिवसांची, आणि माल कोण उचलणार. मी तिन्ही विचारल्या नाहीत. युद्धातून आलेल्या बायकांना काहीतरी लवकर दिलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

चोवीस माग बसले. शेड बांधली, पाहुणे आले, फोटो झाले. मग सूत संपलं. सूत कोलंबोहून यायचं. व्यापारी रोख मागायचा आणि रंगीत सूत ठरावीक वजनाखाली द्यायचाच नाही. बाईच्या हातात एका गठ्ठ्याचेही पैसे नसायचे. कार्यक्रमाच्या पैशातून सूत आणून दिलं, तर लुंग्या आणि पंचे तयार झाले. पण किलिनोच्चीच्या बाजारात कारखान्यातला माल त्याहून स्वस्त मिळत होता. दिवसभर धोटा फेकून बाईच्या पदरात जे पडायचं ते भाताच्या खाचरातल्या मजुरीपेक्षा कमी. सहा महिन्यांनी नऊ माग चालू होते. वर्षानं तीन.

अगदी पहिल्या पाहणीत चाळिशीतल्या एका बाईनं मला सांगितलं होतं, "अक्का, माझी विहीर उपसून द्या." अक्का ही हाक आपल्या सोलापुरातही आहे, त्यामुळे ती माझ्या कानात राहिली. विहीर मात्र मी फॉर्मवरच्या 'इतर' या रकान्यात लिहिली आणि पुढं गेले. त्या विहिरीत दगडमाती आणि पत्रे पडले होते. पाणी वापरण्याजोगं नव्हतं. पाणी असतं तर परड्यात मिरची-वांगी झाली असती आणि दावणीला गाय राहिली असती. युद्धाआधी ती हेच करत होती. सगळं गाव भात, मिरची, कांदा आणि दुधावर जगत होतं. शेडसह एका मागाला जो खर्च आला त्यात तशा दोन विहिरी उपसून झाल्या असत्या.

दुसऱ्या वर्षी आम्ही अकरा विहिरी साफ केल्या. त्याच हंगामात त्या गावची भाजी बाजारात आली. कोणालाही प्रशिक्षण द्यावं लागलं नाही.

मागावर ताण्याची तार तुटली की विणकर माग थांबवतो, तार सांधतो आणि पुढं चालवतो. तार तुटली म्हणून कोणी अख्खा बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, उतरवत नाही. युद्धात माणसांचं कसब बहुतेक वेळा शाबूत असतं. तुटतात ते मधले दुवे: बियाण्याचा दुकानदार, उधार देणारा, रस्ता, विहीर, माल घेणारा. तुटलेली तार शोधायला वेळ लागतो आणि अहवालात ती दिसतही नाही, म्हणून सगळ्यांना नवा माग द्यायची घाई असते.

माझ्याच अनुभवावर विसंबू नका. अफगाणिस्तानात 2010 नंतर अमेरिकेनं सोयाबीन रुजवायला 3 कोटी 44 लाख डॉलर खर्च केले. तिथले शेतकरी सोयाबीन पिकवत नव्हते, घरांत ते खाल्लं जात नव्हतं, आणि उत्तरेच्या ज्या भागात ते लावलं तिथं ते नीट आलंही नाही. प्रक्रियेच्या कारखान्याला पुरेल एवढं पीकच मिळेना. खुद्द अमेरिकेच्या देखरेख अधिकाऱ्यांनी हे लिहून ठेवलं आहे. बार्शीच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. सोयाबीन आपल्याकडं रुजलं ते घेणारा व्यापारी आणि तेलाचा कारखाना असल्यामुळे.

उलट उदाहरण व्हिएतनामचं. युद्ध 1975 मध्ये संपलं, पण पुढची दहा-बारा वर्षं सामुदायिक शेतीत भात पुरेना, तांदूळ बाहेरून आणावा लागे. 1986 मध्ये धोरण बदलायला सुरुवात झाली आणि 1988 मध्ये जमीन कसायचा हक्क कुटुंबांकडं दिला गेला. 1989 मध्ये तोच देश जगातल्या मोठ्या तांदूळ निर्यातदारांत होता. भात लावायला शेतकऱ्यांना कोणी शिकवलं नव्हतं. अडसर तेवढा निघाला.

माझी सवय आता अशी आहे. नव्या गावात पहिले तीन आठवडे आराखडा लिहायचा नाही. बायकांबरोबर बसून जमिनीवर बारा खडे मांडायचे, प्रत्येक खडा एक महिना, आणि युद्धाच्या आधी या महिन्यात घरात काय काम होतं आणि पैसा कुठून यायचा, एवढंच विचारायचं. मग आज त्या खड्यापाशी काय अडलंय. याला कोणी पद्धत म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण या तीन आठवड्यांनी मला जे दिलं ते सर्वेक्षणाच्या चाळीस पानांनी दिलं नाही. मुलांना हे तीन आठवडे फार वाटतात. एकानं मला विचारलं, हे ऑनलाइन करता येईल का. नाही करता येत.

सगळ्यांना एकच धंदा शिकवणं

आता शिलाई मशीनकडं येते.

सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत एकरकमी पैसे आले. वडिलांनी किराणा दुकान टाकलं. समोरच्या काकांनीही टाकलं, कोपऱ्यावर तिसरं झालं, मागच्या बोळात चौथं. गिऱ्हाईक तेच, म्हणजे ज्यांचे पगार बंद झालेत ती घरं. दोन वर्षांत चारही दुकानांच्या उधारीच्या वह्या भरल्या आणि गल्ले रिकामे झाले. आमचं दुकान तीन वर्षं टिकलं, कारण आई रात्री विड्या वळत होती आणि त्या पैशावर माल भरला जात होता. हे मी लहान नव्हते तेव्हाचं आहे, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. युद्ध संपल्यावर शस्त्र खाली ठेवलेल्या शंभर लढवय्यांना एकाच गावात सुतारकाम किंवा शिवणकाम शिकवून सोडलं तर काय होणार, हे कळायला मला तिकडं जावं लागलं नाही.

लायबेरियात युद्ध थांबल्यावर 2003 च्या डिसेंबरात लढवय्यांकडून शस्त्रं जमा करायचं काम सुरू झालं. नाव लागलं की दोन हप्त्यांत 300 डॉलर आणि पुढं शिक्षण किंवा प्रशिक्षण. बंदूक नसली तरी ठरावीक काडतुसं दाखवून नाव लागत होतं. शेवटी एक लाखाहून जास्त माणसांची नावं लागली आणि बंदुका जमा झाल्या सुमारे 28 हजार. आकडा मोठा झाला की सगळ्यांना एकाच साच्यात बसवावं लागतं. मग थोड्या महिन्यांचे कोर्स आणि हातात अवजारांची पेटी. ज्या देशाची अर्थव्यवस्था 1987 ते 1995 या काळात नव्वद टक्क्यांनी आकसली होती, तिथं एवढ्या सुतारांना खुर्च्या करायला कोण सांगणार?

शिवणकामाला माझा विरोध नाही. सोलापूरचे शाळेचे गणवेश लांबलांबच्या राज्यांत जातात, हजारो घरं त्यावर चालतात. पण इथं आधी ऑर्डर येते, मग मशीन लागते. बांगलादेशात वस्त्रोद्योग उभा राहिला तोही असाच. 1979 मध्ये देश गारमेंट्स या कंपनीनं 130 माणसं दक्षिण कोरियात बुसानला देवू कंपनीच्या चालू कारखान्यात सहा महिने शिकायला पाठवली. पुढच्या काही वर्षांत त्यांतली 115 बाहेर पडली आणि कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. नुसतं शिवणं शिकून हे झालं नसतं. कटिंगपासून पेटी बंद होईपर्यंत माल कसा फिरतो, बाहेरच्या गिऱ्हाइकाला तारखेला माल कसा द्यायचा, हे ती माणसं शिकून आली होती. सरकारनंही कच्चं कापड जकात न भरता आणायची सोय केली आणि गिऱ्हाइकाच्या पतपत्रावर, म्हणजे त्याच्या बँकेनं पैसे द्यायच्या दिलेल्या हमीवर, बँक कर्ज देऊ लागली, त्यामुळे खिशात भांडवल नसलेल्यालाही कारखाना काढता आला.

कंबोडियात 1999 मध्ये अमेरिकेशी करार झाला: कारखान्यांत कामगारांना नीट वागवाल तर कापड निर्यातीचा कोटा वाढवून मिळेल. तपासायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची माणसं आली. ख्मेर रूज या जुलमी राजवटीनं नोटासुद्धा रद्द केलेल्या त्या देशात खेड्यातल्या लाखो मुलींना दरमहा पगार सुरू झाला.

म्हणून मशीनची यादी घेऊन माझ्याकडं येऊ नका. गिऱ्हाइकाचं नाव घेऊन या.

पहिल्याच वर्षी कर्ज देणं

बचत गटाचं काम केलेल्या बाईनं हे लिहावं याचं मुलांना नवल वाटतं. पण कर्ज कधी उपयोगी पडतं आणि कधी गळ्यात येतं हे मी सांगोल्यात पाहिलं होतं, म्हणूनच वन्नीत भीती वाटली.

रस्ते खुले झाल्याबरोबर कर्ज देणाऱ्या कंपन्या उत्तरेत आल्या. गटानं कर्ज, आठवड्याचा हप्ता, तारण काही नको. मोटरसायकल, फ्रीज हप्त्यानं. घर बांधायला मदत मिळाली होती त्यांनाही सिमेंट महागलं तसं पुरेना. घर अर्धं राहू नये म्हणून अंगावरचं सोनं गहाण टाकलेली कुटुंबं मी पाहिली. त्यावर आठवड्याचा हप्ता. बाईची कमाई भाताच्या हंगामाची, म्हणजे वर्षातून दोनदा, आणि हप्ता दर मंगळवारी. मग एका कंपनीचा हप्ता फेडायला दुसरीचं कर्ज, दुसरीचा फेडायला तिसरीचं. आमच्या गटातल्या एका बाईकडं पाच कर्जं होती. वसुलीवाला आला की ती मागच्या दारानं परड्यात जाऊन बसायची आणि मुलगी दारात येऊन सांगायची की आई नाही. ती मुलगी आठ वर्षांची होती. त्या दारासमोरून मी दर आठवड्याला जात होते.

2018 मध्ये श्रीलंका सरकारला दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची एक लाख रुपयांपर्यंतची छोटी कर्जं माफ करावी लागली. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

कर्ज हे चालत्या धंद्याला असतं. ज्या घरात गाय नाही, विहीर नाही, बियाणं नाही, तिथं आधी वस्तू द्यावी लागते, फुकट. शिवाय ती वस्तू विकून खावी लागू नये म्हणून काही महिने हातखर्च, आणि दर आठवड्याला घरी जाऊन विचारपूस करणारं माणूस. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेनं 2002 पासून अतिगरीब घरांसाठी हेच केलं. हीच रीत भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, होंडुरास आणि पेरू या सहा देशांत दहा हजारांहून जास्त लोकांवर तपासली गेली. 2015 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मदत संपून वर्ष झाल्यावरही ती घरं जास्त खात होती, जास्त कमवत होती. दोन वर्षांचा कार्यक्रम आहे हा. लोक विचारतात, सहा महिन्यांत नाही का होणार? गाय सहा महिन्यांत काय देते ते एकदा गोठ्यात जाऊन बघा.

कर्ज द्यायचंच असेल तर माझा नियम साधा आहे: ज्या बाईनं स्वतःच्या पैशानं दोन हंगाम काढलेत तिलाच, आणि हप्ता तिच्या पिकाच्या महिन्यात.

रोजचा पगार बंद करणं, किंवा सुरूच न करणं

इराकमध्ये 23 मे 2003 ला तिथल्या अमेरिकी प्रशासनाच्या एका आदेशानं लष्कर बरखास्त झालं. जवळपास चार लाख माणसं एका दिवसात बिनपगारी झाली. शस्त्र चालवायला शिकलेली माणसं. त्यांतली कितीतरी पुढं बंडखोरांना जाऊन मिळाली.

मोझांबिकमधलं यादवी युद्ध 4 ऑक्टोबर 1992 ला रोममध्ये झालेल्या करारानं थांबलं. तिथं दोन्ही बाजूंच्या सोडलेल्या सैनिकांना आधी सहा महिन्यांचा आणि नंतर आणखी दीड वर्षाचा पगार मिळाला. रक्कम फार नव्हती, पण ती सैनिकाला गावच्या जवळच्या बँकेतून उचलायची होती, त्यामुळे पैसा घेऊन तो गावात राहिला आणि शेत लावलं. टीका झाली की काम न करता पैसे का द्यायचे. ती शांतता पुष्कळ वर्षं टिकली हे टीका करणाऱ्यांनी पाहावं.

आपल्याला हे दुरून शिकायची गरजच नाही. 1972 च्या दुष्काळात माझी आजी सांगोल्याजवळ खडी फोडायला जात होती. आठवड्याला मजुरी आणि मुलांना सुकडी. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली ती रोजगार हमी 1977 मध्ये कायद्यात आली. युद्धानंतरच्या पहिल्या हंगामात रस्ता, बांध, विहीर, शाळेची भिंत यांवर आठवड्याचा रोख पगार द्या. तो बाजारात फिरतो, मग दुकानं आपोआप उघडतात. मजुरी मात्र सुगीच्या दरापेक्षा किंचित कमी ठेवा, नाहीतर शेतं पडीक राहतील.

कारखाना उघडायच्या आधी बाजार उघडणं

मोझांबिकच्याच बाबतीत दुसरी गोष्ट वाईट झाली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काजूत तो देश जगात पुढं होता, आणि काजू फोडणारे त्याचे कारखाने होते. युद्धात ते मोडकळले. शांतता आल्यावर जागतिक बँकेच्या आग्रहानं कच्च्या काजूवरचं निर्यात शुल्क झपाट्यानं उतरवलं गेलं. विचार असा की शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कच्चा काजू जहाजानं बाहेर गेला, मुख्यतः आपल्या भारतात फोडायला. तिथले कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले, त्यांत बायका पुष्कळ. शेतकऱ्याच्या हातात वाढीव पैसा अगदी थोडा पडला, बराचसा मधल्या व्यापाऱ्यांनी घेतला. आपल्याकडं ज्या बाया काजू सोलून घर चालवतात त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण तिकडच्या बाईचा रोजगार कोणत्या कागदावरच्या सहीनं गेला, हे धोरण लिहिणाऱ्यानं तिच्यासमोर बसून सांगायला हवं होतं.

कारखाना दुरुस्त होईपर्यंत थोडं संरक्षण ठेवा. किती वर्षं ते आधीच जाहीर करा आणि वाढवू नका.

आणखी काही, थोडक्यात

जमिनीचे कागद 'नंतर' वर टाकू नका. कंबोडियात ख्मेर रूजनं जमिनीच्या नोंदीच नष्ट केल्या आणि ते भांडण पुढं दशकं चाललं. रवांडात 1994 च्या हत्याकांडानंतर परतलेल्या आणि राहिलेल्या माणसांत जमिनीवरून तंटे होतेच. तिथं 2009 ते 2013 या काळात एक कोटीहून जास्त तुकड्यांच्या हद्दी ठरवल्या गेल्या. विमानातून काढलेले फोटो हातात घेऊन गावातलीच शिकवलेली मुलं शेजाऱ्यांसमोर बांधावरून चालत गेली. नवराबायको दोघांची नावं लागली. पण ज्यांचं लग्न सरकारदरबारी नोंदलेलं नव्हतं त्या बायका मागं राहिल्या. तुमच्या आराखड्यात ही बाई कुठं आहे ते मला दाखवा.

अर्थव्यवस्थेच्या वाढीचा दर पाहून खूश होऊ नका. खड्ड्यातून वर येणाऱ्याची पावलं मोठी दिसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं युरोपला मदत दिली त्या मार्शल योजनेचं नाव घेणं बंद करा. 1948 ते 1952 या काळात सोळा देशांना सुमारे 13 अब्ज डॉलर मिळाले, खरं आहे. पण त्या देशांत इंजिनिअर, बँका, नगरपालिका आणि जमिनीच्या नोंदी शिल्लक होत्या. पूल पडले होते, पूल बांधणारे होते.

सगळा पैसा पहिल्या दोन वर्षांत ओतू नका. कॅमेरे तेव्हा असतात, पण पैसा नीट खर्च करायची ताकद त्या सरकारात चौथ्या-पाचव्या वर्षी येते, आणि नेमका तेव्हा मदतीचा ओघ आटतो. अभ्यासकांनी हे पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.

स्थानिक सरकारी नोकराच्या चौपट पगार देऊ नका. मी एका शाळेतला इंग्रजीचा एकुलता शिक्षक दुभाष्या म्हणून कामावर घेतला. तो खूश, मी खूश. दोन वर्षं त्या शाळेत इंग्रजी झालं नाही, आणि त्या मुलांच्या शालान्त परीक्षेच्या निकालात ते दिसलं. मला हे फार उशिरा कोणीतरी सांगितलं. अफगाणिस्तानात हे देशभर झालं: डॉक्टर आणि शिक्षक परदेशी कार्यालयांत ड्रायव्हर नि दुभाषे झाले, सरकारी खर्चाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग बाहेरच्या अनुदानावर चालला, आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये ते अनुदान थांबलं तेव्हा दवाखान्यांतले पगारही थांबले.

भाषा शिका. सोलापूरची मुलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव अभिमानानं सांगतात, सांगावंच. 1938 मध्ये ते चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथंच राहिले आणि 1942 मध्ये तिथंच वारले. तुमचा करार अकरा महिन्यांचा असेल, हरकत नाही. पण अकरा महिन्यांत बाजारात भाव विचारण्यापुरती भाषा येते. मला तमिळ येत नव्हतं. कानडी-तेलुगू कानावर असल्यामुळे चार महिन्यांत दुभाष्याशिवाय चहा पिता येऊ लागला, आणि विहिरीची गोष्ट मला दुसऱ्यांदा ऐकू आली ती त्या चहावर.

पुढच्या रविवारी येणाऱ्यांसाठी: आराखडा घरी ठेवून या. ज्या देशाबद्दल लिहिलंय त्यातल्या एका गावच्या बाजारात तांदूळ किंवा मका, मीठ, तेल आणि रॉकेल काय भावानं मिळतं, एका दिवसाची मजुरी किती, आणि तिथून जवळच्या शहराला जायला ट्रकवाला पोत्यामागं किती घेतो, हे एका कागदावर लिहून आणा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाकडं पुष्कळ देशांच्या बाजारभावांच्या नोंदी असतात. बाकीचं तिथल्या एखाद्या माणसाला शोधून, फोन करून विचारावं लागेल. सकाळी नऊनंतर या, त्याआधी माझी पाण्याची वेळ असते.